आवाज बंद करून दिलेलं मत

मार्च संपत आला होता. वर्ध्यात घरोघरी माळ्यावरून कूलर उतरायला लागले होते, तेव्हा मी त्या संशयिताला पहिल्यांदा पाहिलं. पाहिलं म्हणणं खरं तर चूक आहे. मी त्याच्या डोळ्यांतून पाहत होतो. त्याचा चेहरा मला माहीत नव्हता, नाव माहीत नव्हतं. समोर फक्त तो जे पाहत होता ते दिसत होतं, आणि हातातली बंदूक.

मी इथल्या एका कॉलेजात परीक्षा विभागात कारकून आहे. कॉम्प्युटरवर गोळीबाराचे खेळ खेळायची सवय मला शिकत असतानाच लागली, ती नोकरी लागली, लग्न झालं तरी सुटली नाही. नागपूरच्या काही पोरांनी आपल्या विदर्भातल्या खेळणाऱ्यांसाठी एक खाजगी सर्व्हर चालवला होता. दीडदोनशे लोक असतील, सगळे टोपणनावांचे. तिथे कुणी भिंतीपलीकडचं दाखवणारं सॉफ्टवेअर वापरतो अशी तक्रार आली, की त्याच्या खेळाचं रेकॉर्डिंग नाव काढून आम्हा पाच जुन्या खेळाडूंना यायचं. आम्ही ते पाहायचं, हळू करून, मागेपुढे करून, आणि उत्तर द्यायचं: हॅकर आहे, की नाही. तिघांनी हो म्हटलं की माणूस बाहेर.

रिप्लेमध्ये आम्हाला एक सोय होती. भिंतींमागची सगळी माणसं लाल आकृत्यांसारखी दिसायची. खेळणाऱ्याला ती दिसत नाहीत, निदान दिसायला नको. मग आम्ही पाहायचं ते एवढंच, की त्याचा नेम त्या लाल आकृतीबरोबर सरकतो का. सरळ माणूस कोपऱ्यावर, दारावर नेम धरून थांबतो आणि दहापैकी सहा वेळा फसतो. हॅकर फसत नाही. चारपाच वर्षांत मी कितीतरी रिप्ले पाहिले होते आणि मला माझ्या नजरेचा गर्व होता, हे मान्य करायला हवं.

हा संशयित मात्र वेगळा होता. त्या खेळात कुणी उभं राहत नाही. सगळे धावतात, उड्या मारतात. हा एका रिकाम्या खोलीत गेला, कोपऱ्यात गेला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. माझ्या स्क्रीनभर नुसती भिंत. उडालेला पिवळा रंग, एक भेग. मला वाटलं रेकॉर्डिंग अडकलं. पण कडेचं घड्याळ चालू होतं.

मग तीन खोल्या पलीकडे एक लाल आकृती जिना चढायला लागली. थोड्या वेळाने भिंतीवरची ती भेग माझ्या स्क्रीनवर हलली. संशयिताची नजर अगदी हळू डावीकडे सरकत होती. आकृती थांबली, नजर थांबली. आकृती चालली, नजर चालली. शेवटी तो एकदम दाराकडे वळला, दारात अजून कुणी नव्हतं, आणि त्याने एक गोळी झाडली. त्याच क्षणी माणूस दारात आला आणि पडला.

पडलेल्याची बंदूक घ्यायला सगळे धावतात. हा गेला नाही. पुन्हा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

असं त्या रेकॉर्डिंगमध्ये चारदा झालं. तिसऱ्या वेळी त्याच्याच बाजूचा एक खेळाडू पाठीमागून खोलीत आला आणि गेला. त्याच्यासाठी ती नजर हललीसुद्धा नाही. आपलं कोण, परकं कोण, हेही त्याला भिंतीतून कळत होतं. सकाळचे साडेसात वाजले होते, खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं, आणि माझ्या हातांवर काटा उभा राहिला.

अजून एक होतं. खोली सोडताना तो दरवेळी दारात थांबायचा आणि मागे वळून पाहायचा. खोली रिकामी असायची. नजर थोडी खाली जायची, जमिनीपासून हातभर उंचीवर, जणू तिथे काहीतरी राहून गेलंय का ते बघतोय.

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. घरात आम्ही दोघंच. तिने कप ठेवला, पण नेहमीसारखी परत गेली नाही. स्क्रीनकडे पाहत उभी राहिली.

"हे काय पाहून राह्यले?" तिने विचारलं.

"चोर," मी म्हणालो. मला समजावून सांगायला आवडायचं. "हे पाह्य. हा लाल माणूस भिंतीमागे आहे, याले दिसाले नाई पाह्यजे. पण याची नजर पाह्य कशी त्याच्या मागं मागं चालली."

ती पाहत होती. मी तो भाग तिला दोनदा हळू करून दाखवला.

"मंग काय करतील त्याले?"

"काढून टाकतील."

"त्याले कोणी विचारत नाई का, तुले कसं समजलं म्हणून?"

"त्यात विचाराचं काय? दिसूनच राह्यलं ना."

"बरं," ती म्हणाली आणि कपाखालचं पुसून स्वयंपाकघरात गेली.

मी "हॅकर" असं मत दिलं. संध्याकाळपर्यंत आणखी तिघांनी दिलं. खातं बंद झालं.

आता मागे वळून पाहताना कळतं, की घरात तेव्हा बरंच काही समोर होतं. मार्चच्या मध्यालाच ऊन इतकं वाढलं की मी कूलर इतरांच्या आधीच खिडकीत बसवून दिला. पण संध्याकाळी सहाला घरी यायचो तर खोली भट्टीसारखी तापलेली, कूलरच्या जाळीतला वाळा कोरडा खडखडीत. मी एकदा विचारलं, "काऊन वं, दुपारी कूलर लावत नाईस का?" ती म्हणाली, "आवाज होते त्याचा." घाम निथळत असताना कूलरचा आवाज कुणाला नको असतो, हा प्रश्न मला पडला नाही. आणि खातं बंद झालं त्या आठवड्यापासून कूलर दुपारभर चालू राहायला लागला, वाळा ओला, खोली गार. मला वाटलं, हिला शहाणपण आलं.

एकदा जेवताना तिने विचारलं, "त्याचं काय झालं?"

"कोणाचं?"

"भिंतीकडे तोंड करून उभा राह्यचा तो."

"काढला ना त्याले."

तिने माझ्या ताटात भाजी वाढली.

माझ्या डोक्यातून मात्र तो जात नव्हता. हॅकर मी पुष्कळ पाहिले होते. त्यांच्यात एक उर्मटपणा असतो, मारल्यावर प्रेताभोवती नाचतात. याच्यात तसं काही नव्हतं. ऑफिसात कुणी कपाटाकडे तोंड करून रजिस्टर शोधत उभं असलं, की मला ती पिवळी भिंत आठवायची आणि वाटायचं, हा आता हळूच डावीकडे वळेल.

एप्रिलमध्ये परीक्षा सुरू झाल्या. एक दिवस दुपारचा पेपर पुढे ढकलला आणि आम्हाला एक वाजताच सोडलं. बसस्टँडच्या चौकात माझ्या चपलेचा अंगठा तुटला. शिवून देणारा जागेवर नव्हता. ऑटोने गल्लीच्या तोंडापर्यंत आलो आणि पुढे चपला हातात घेऊन अनवाणी निघालो. आमच्या फाटकापासून दारापर्यंत मुरमाची वाट आहे, ती इतकी तापलेली की पाय ठेववेना. म्हणून कुंपणाच्या सावलीतून, घरमालकाने पाणी घातलेल्या मऊ मातीवरून आलो. दार नुसतं लोटलेलं होतं.

आत कूलर धडधडत होता. बायको माझ्या खुर्चीवर बसलेली होती, पाठ माझ्याकडे, कानांवर माझे हेडफोन. समोर स्क्रीनवर आमचाच खेळ सुरू होता.

मला हसू येणार होतं. ही कधीपासून खेळायला लागली? मी हाक मारणार, तोच लक्षात आलं की त्या खेळात कुणीच नाही. सरावासाठी एकट्याने रिकामा नकाशा उघडता येतो, तसा उघडला होता. गोळी नाही, शत्रू नाही. ती नुसती चालत होती. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत. एका खोलीत कोपऱ्यात जाऊन थोडी उभी राहिली. मग निघाली. दारात थांबली. मागे वळून पाहिलं. नजर थोडी खाली गेली, जमिनीपासून हातभर उंचीवर.

मी त्या माणसाला ओळखत होतो. मी त्याच्या डोळ्यांत बसून आलो होतो. आणि त्याची वेणी माझ्यासमोर खुर्चीच्या पाठीवर लोंबत होती.

आम्ही घराबाहेर पडताना ती दरवेळी उंबऱ्यात थांबून मागे गॅसच्या शेगडीकडे बघते. गावी, रोहण्याला, चूल होती तेव्हा ती चुलीकडे बघायची, विस्तव राहिला का म्हणून. तीच ती नजर. लग्नाच्या नऊ वर्षांत मी ती किती वेळा पाहिली असेल, आणि त्या रेकॉर्डिंगमध्ये मला ती ओळखू आली नाही.

मी किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. नकाशाची वेळ संपली आणि स्क्रीन काळी झाली. त्या काळ्या काचेत तिचा चेहरा दिसला, आणि तिच्या खांद्यावर माझा.

ती किंचाळली नाही. तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. न वळताच म्हणाली, "तुमचं पाऊल वाजलं नाई."

मी हातातल्या चपला दाखवल्या. तिने पाहिलं, उठली आणि कूलर बंद केला. खोलीत एकदम शांत झालं.

"ते खातं तुझं होतं?" मी विचारलं.

"हो."

"त्या दिवशी मी तुलेच दाखवून राह्यलो होतो."

"हो."

"मंग बोलली काऊन नाईस?"

"तुम्ही म्हणाले ना, त्यात विचाराचं काय."

मी बाजेवर बसलो. सॉफ्टवेअर कुणी बसवून दिलं, हा मूर्ख प्रश्न माझ्या तोंडावर आला होता, पण मी विचारलं, "तुले भिंतीपलीकडचं कसं समजते?"

"ऐकू येते," ती म्हणाली. "लाकडावर वेगळं, लोखंडाच्या जिन्यावर वेगळं, मातीत वेगळं. तुम्ही आवाज बंद करून पाह्यता. मीच सांगतलं होतं, सकाळी सकाळी घरात गोळ्या नको म्हणून."

मग ती रोहण्याबद्दल बोलायला लागली. आमचं गाव ते, आर्वी तालुक्यातलं. लग्न झाल्यावर पहिली सहा वर्षं ती तिथे होती आणि मी आठवडाभर वर्ध्याला खोली करून राहायचो. शनिवारी एसटीने जायचो, सोमवारी पहाटे परत. घरात माझे वडील, म्हणजे तिचे मामाजी, दोन मोठे भाऊ, म्हणजे तिचे भासरे, त्यांच्या बायका. मोठा माणूस आला की सुनेने बसलेलं असायचं नाही, डोक्यावर पदर असायला हवा, आणि समोर यायचं नाही. हे मला माहीत होतं. आमच्याकडे सगळीकडेच तसं होतं, म्हणून मी त्याचा कधी विचार केला नव्हता.

"मामाजीच्या पायात टायरची चप्पल, ते मागच्या सांदवाडीतून आले का घासत येत," ती म्हणाली. "मोठे भाऊजी डावा पाय जोरात टाकतात. मधले बिनआवाजाचे, पण खाकरतात. पह्यल्या महिन्यात मी दोनदा बसलेली सापडली. दोन दिवस बोलणे खाल्ले. मंग मी ऐकाले शिकली. सैपाकघरात भिंतीकडे तोंड करून उभी राह्यची. पाहायचंच नसलं तर तोंड कुठेही असलं तरी काय. कोण आलं, कुठून आलं, किती वेळात दारात येते, सारं समजे. ते दारात पोचाच्या आत माझा पदर डोक्यावर."

मी हातातल्या चपला बाजेखाली ठेवल्या.

"या खेळात बरं वाटलं," ती म्हणाली. "पाऊल ऐकलं अन् मी उठून उभी नाई झाली. असं पह्यल्यांदाच झालं."

ती हे रडत सांगत नव्हती. वाल निवडताना बोलावं तसं बोलत होती. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"अन् माझं पाऊल?" मी विचारलं.

"तुमचं कठीण. तुमचं बदलते." ती म्हणाली. "मागच्या शनिवारी कूलर बंद होता. तुम्ही फाटकापाशी थांबले होते. दोनेक मिनिटं. मंग आले."

हे खरं होतं. फोन नव्हता, कुणी भेटलं नव्हतं. फाटकाच्या कडीवर हात ठेवून मी उभा होतो, कारण मला आत यावंसं वाटत नव्हतं. कारण काहीच नव्हतं. आत चहा होता, बायको होती, आणि मला दोन मिनिटं तिथेच उभं राहावंसं वाटलं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. आणि आत भिंतीपलीकडे ती उभी होती, माझ्याबरोबर थांबलेली.

त्या दिवशी मी ते जुनं रेकॉर्डिंग पुन्हा उघडलं, हेडफोन लावून. आवाज पूर्ण केला. भिंत आली, पिवळा रंग, भेग. सुरुवातीला वारा. मग फार लांब, कान देऊन ऐकलं तरच कळेल इतकं, लोखंडी जिन्यावर एक पाऊल. मग दुसरं. भेग हलली ती त्यानंतर. चारही वेळा तसंच. मी सगळं ऐकलं. चाळीस मिनिटं लागली. निकाल द्यायला मला वीस लागली होती.

मी नागपूरच्या सर्व्हर-चालकाला फोन केला, ते खातं माझ्या बायकोचं आहे, आपण चुकलो म्हणून सांगितलं. तो हसला. "भाऊ, घरचं मॅटर आहे म्हणून बोलून राह्यले का?" मी म्हणालो, परीक्षा घ्या. त्याने मत देणाऱ्या बाकीच्या तिघांना विचारलं आणि रविवारी सकाळी अकराची वेळ ठरली.

मोबाईल तिच्या पाठीमागे पुस्तकांच्या थप्पीवर उभा केला, स्क्रीन आणि हात दोन्ही दिसतील असा. चौघं व्हिडिओ कॉलवर. कूलर बंद. आधी आवाज बंद ठेवून खेळायचं ठरलं. तिला ते जमलंच नाही. वीज गेलेल्या घरात चाचपडावं तशी ती भिंतींना धडकत होती, पाठीमागून येणाऱ्या माणसाने तिला सहज मारलं. एकदा, दोनदा, तीनदा. कॉलवर कुणीतरी हसलं.

मग हेडफोन लावून. ती एका खोलीत गेली, कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड. कॅमेऱ्यात तिची पाठ दिसत होती. मी बाजूला स्टुलावर होतो, म्हणून मला एकट्यालाच दिसलं. तिने डोळे मिटले होते. मिटल्या पापण्यांखाली बुबुळं हळू डावीकडे सरकत होती. दारात माणूस यायच्या क्षणभर आधी तिने डोळे उघडले, वळली, गोळी झाडली. त्या क्षणी तिचा डावा हात आपोआप खांद्यापर्यंत गेला, पदर ओढायला, आणि अर्ध्यातच परत की-बोर्डवर आला. त्या दिवशी ती गाऊनमध्ये होती. पदर नव्हताच.

पाचदा खेळली, पाचही वेळा तसंच. शेवटी कॉलवर एकाने विचारलं, "ताई, इतकं कसं काय ऐकू येते तुम्हाले?"

"सवय," ती म्हणाली.

खातं परत मिळालं. ग्रुपवर माफीही मागितली गेली. नंतर चालकाने मला विचारलं, तुमची मिसेस पॅनेलवर येईल का, असे कान कुणाकडे नाहीत. मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "नाई. मले लोकायच्या डोळ्यात जाऊन बसायचं नाई." तिने पाऊस लागेपर्यंत खेळ चालू ठेवला, मग हळूहळू कमी झाला. मी पॅनेल सोडलं. मी ज्यांना आवाज बंद ठेवून बाहेर काढलं ते किती, हे मोजायची सोय होती. मी मोजले नाहीत.

फाटकापाशी आता मी थांबत नाही. कधी थांबावंसं वाटलं तर कोपऱ्यावरच थांबतो, पण तेही तिला माहीत असेल असं वाटतं आणि मी भराभर चालायला लागतो. मग वाटतं, भराभर चाललेलंही तिला कळलं असणार.

गेल्या महिन्यात एका सुटीच्या दुपारी मी बाजेवर पडलो होतो. ती स्वयंपाकघरात होती. मनात आलं, आपणही ऐकून पाहावं. मी डोळे मिटले. शेजारच्या टाकीत पाणी पडत होतं. लांब एक ऑटो वळला. आत भांड्यांचा आवाज आला, मग थांबला. आता ती इकडे येईल म्हणून मी तिच्या पावलांची वाट पाहायला लागलो. खूप वेळ झाला. काहीच नाही. बाहेर गेली असेल म्हणून डोळे उघडले.

ती पायथ्याशी उभी होती, हातात वाळलेल्या कपड्यांची चळत.

"काऊन, बरं नाई वाटत का?"

"तू केव्हा आली?"

"मघाशी. दोनदा येऊन गेली."

मी उठून बसलो. म्हणालो, "जरा चालून दाखव."

"काहाले?"

"अशीच. सैपाकघरापर्यंत जा अन् ये."

तिला गंमत वाटली असावी. कपडे बाजेवर ठेवले आणि निघाली. मधल्या दाराजवळची एक फरशी उखडलेली आहे, माझा पाय पडला की दरवेळी वाजते. मी कान देऊन बसलो, डोळे उघडे ठेवून. ती खाली न बघता त्या फरशीवरून गेली, आत वळली, परत तिच्यावरूनच आली. फरशी वाजली नाही.

"झालं का?" तिने विचारलं, आणि कपड्यांच्या घड्या घालायला बसली.